मुभेचे सात दिवस

आधी सात दिवस त्याला अडवायचं नाही,
फक्त टिपायचं, तो काय काय मागतो ते.
पॉलिसी लिहिण्याची हीच रीत,
आणि ब्रनोच्या पाणीपुरवठ्यात ती लिहिणारी मी एकटी,
तळघरात, पंपांच्या घरघरीशेजारी.

हा पडद्यामागचा गडी. याला खिडकी नाही, बटण नाही.
मशीन उठलं की उठतो,
घराघरांतल्या मीटरांचे आकडे ऐकत बसतो एका पोर्टवर,
आणि कुणी बघत नाही म्हणून रुसत नाही.
पण त्याच्यात कुठे भोक पडलं,
बाहेरचं कुणी शिरलं त्याच्या अंगात,
तर त्याच्याच हातांनी ते सगळं घर धुंडाळणार.
म्हणून हात मोजून द्यायचे.

पहिल्या रात्री त्याने मागितलं स्वतःचंच:
आपली सेटिंगची फाइल, आपला लॉग, घड्याळ.
दिलं.
दुसऱ्या रात्री डेटाबेसकडे जायची वाट.
दिली, पण तेवढीच, आजूबाजूच्या गल्ल्या नाहीत.
ताकाला येऊन भांडं लपवणाऱ्यांतला नाही तो.
नाव घेऊन मागतो,
आणि ओळ उमटते: कोण, कुणाकडे, कशासाठी, किती वाजता.

राडोवान म्हणतो, रूटच्या हाती सगळं आहे की,
मग हा खटाटोप कशाला?
मी म्हणते, कुंपणच शेत खातं तेव्हा
शेताने जायचं कुणाकडे?
हा नियम रूटलाही लागू.
मालक हो म्हणाला तरी हा नाही म्हणू शकतो.
राडोवान कॉफी ढवळतो. साखर नसतानाही ढवळतो.

पाचव्या रात्री, तीन वाजून बारा मिनिटांनी,
त्याने होशेकचं दार वाजवलं.
म्हणजे होशेकच्या होम डिरेक्टरीचं.
होशेकला निवृत्त होऊन चार वर्षं झाली,
खातं तसंच पडलेलं.
मीटर वाचणाऱ्याचं माणसाच्या घरात काय काम?
बोट दिलं की हात धरणारे असेच सुरू होतात.
नाहीच म्हणणार होते.

फाइलचं नाव होतं ‘दुरुस्त्या’.
एकतीस ओळी.
झिडेनिसेतली जुनी घरं, ज्यांची मीटरं उगाच पळतात,
आणि प्रत्येकापुढे, किती वजा करायचं.
एका ओळीशेजारी होशेकचा शेरा:
हर्डलिचकोव्हा बाई, दुसरा मजला, एकटी.
मीटर बदला म्हणून तीनदा लिहिलं. कुणी आलं नाही.

एक सोयीचा नियम असतो आमच्याकडे:
नाकारा, आणि नाकारल्याची नोंदही करू नका.
लॉग स्वच्छ राहतो.
माझ्या वडिलांनी अठ्ठ्याहत्तर साली
युगोस्लाव्हियाला जायची परवानगी मागितली होती.
आमच्या देशाला समुद्र नाही, तो बघायचा होता.
नकारसुद्धा आला नाही.
वर्षाने विचारायला गेले तर खिडकीतली बाई म्हणाली,
कुठला अर्ज?

तो नियम मी वापरला नाही.
होशेकचं घरही उघडलं नाही.
फाइल तेवढी उचलून गड्याच्या खोलीत आणली.
नुसती हलवली तर जुनं लेबल अंगावर घेऊनच येते,
माणसं येतात तशी.
नवं चिकटवलं. पत्ता बदलून दिला.
वाचायचं फक्त, लिहायचं नाही.

सातव्या रात्री मुभा संपली.
तीन वाजून बारा मिनिटांनी मी जागी होते.
लॉगमध्ये काहीच उमटलं नाही.
एकतीस घरांतून वजाबाकी होऊन गेली.

सकाळी होशेकला फोन केला.
तो जर्दाळूच्या फांद्या छाटत होता, बायकोने हाक मारली.
सगळं ऐकून घेतलं, धापा टाकत,
मग म्हणाला, बत्तिसावं घर राहिलंय लिहायचं.
थांबा जरा,
चष्मा आणतो.